बदलीच्या गावातला हॉल

मूळ गाव कोणतं, या प्रश्नाला ‘दीपनगर’ असं उत्तर देणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भुसावळहून वरणगावकडे निघालं की महामार्गावर फेकरी लागतं आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. त्या चिमण्यांच्या आसऱ्यानं ही वसाहत वसली. आधी ६२.५ मेगावॅटचा एक संच होता, मग २१० मेगावॅटचे दोन आले, पुढे ५०० चे दोन आणि आता ६६० चा. दर संचाबरोबर माणसांची एक नवी खेप आली. कोराडी-खापरखेड्याची, परळीची, नाशिकजवळच्या एकलहऱ्याची, शिवाय थेट कॉलेजातून निघालेली, पहिल्यांदाच घर सोडलेली पोरं. आमच्या एका जिन्यात वऱ्हाडी होती, मराठवाड्यातली होती, कोकणातलं एक कुटुंब होतं आणि तळमजल्यावर यावल तालुक्यातले लेवा पाटीदार. हिवाळ्यात तळमजल्यावरच्या काकू तुरकाठ्यांवर वांगी भाजायला घेत, तेव्हा तो वास वर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई आणि ज्यांनी आयुष्यात कळण्याची भाकरी पाहिली नव्हती ती माणसंही ताट घेऊन खाली उतरत.

वीज मंडळाची नोकरी म्हणजे बदली. बदली चुकली तरी अठ्ठावन्नावं वर्ष चुकत नाही. निवृत्त झालं की काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करून द्यायचं, पाण्याचं-विजेचं ‘नो ड्यूज’ घ्यायचं आणि टेम्पोत सामान भरायचं. तीस-तीस वर्षं एकाच खिडकीतून त्याच कूलिंग टॉवरची वाफ पाहिलेली माणसं अशी एका सकाळी निघून जात. म्हातारी माणसं वसाहतीत जवळजवळ दिसतच नसत. कुणाचे आई-वडील चार महिने राहायला आलेले असले तर तेवढीच. पारावर बसणारी पिढी नाही, चार पिढ्यांची भाऊबंदकी नाही, देवळाचा पिढीजात गुरव नाही. अशा ठिकाणी चार माणसांनी एकत्र यायची जागा कशी टिकते, आणि ती टिकवण्यासाठी कोण स्वतःच्या खिशातून पैसा आणि झोप घालवतं, हे मला फार जवळून पाहायला मिळालं. त्याबद्दल लिहावंसं पुष्कळ दिवस वाटत होतं.

आम्ही त्या जागेला ‘हॉल’ म्हणायचो. तिला रीतसर नाव असेल, फलकही होता, पण ‘हॉलवर ये’, ‘हॉलवरून चटई आण’, ‘आज हॉलवर काय आहे?’ अशीच भाषा होती. उंच पत्र्याचं छत, एका टोकाला सिमेंटचा बांधलेला रंगमंच, त्याच्या दोन बाजूंना दोन अरुंद खोल्या. एकीत पुस्तकांची कपाटं आणि कॅरमचे बोर्ड, दुसरीत शिवणयंत्रं, हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि गणपतीच्या मखराचे फोल्डिंगचे भाग. सकाळी तिथे शिशुवर्ग भरे. दुपारी बायकांचा शिवणवर्ग. संध्याकाळी पोरांचं टेबल टेनिस, गुरुवारी भजन, आणि रात्री साडेनवानंतर नाटकाची तालीम. चौदा एप्रिलला तिथूनच मिरवणूक निघे, गणपतीत दहा दिवस तिथेच मुक्काम असे, आणि कुणाच्या मुलीचा साखरपुडा असला तर त्याच रंगमंचावर पाट मांडले जात. उन्हाळ्यात पत्रा इतका तापे की भुसावळच्या मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नसे. तरी शिवणवर्गाच्या ताई दारं उघडी टाकून, जमिनीवर पाणी शिंपडून वर्ग घेत. त्यांना त्याबद्दल मानधन म्हणून जे मिळे त्यात जाण्यायेण्याचा रिक्षाखर्चही धड निघत नसावा.

हॉलच्या खर्चाची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजूला दोरी बांधलेली, आडव्या रेघांची. पहिल्या रकान्यात नाव, मग विभाग (बॉयलर, टर्बाईन, कोल हँडलिंग, ॲश हँडलिंग, स्टोअर, हिशेब), मग महिन्यांचे बारा चौकोन. वर्गणी जेमतेम होती, पण दर महिन्याला कुणीतरी घरोघर फिरून ती गोळा करत असे आणि चौकोनात तारीख घालत असे. बाबा काही वर्षं ते काम करत, आणि रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जायची. मी पावती फाडून द्यायची आणि शाईचा पॅड सांभाळायची. त्या वहीत जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. प्रत्येक पानावर काही नावांवर एक सरळ रेघ मारलेली असे आणि रेघेच्या शेवटी, समासात, बारीक अक्षरात लिहिलेलं असे: ‘बदली – कोराडी’, ‘बदली – परळी’, ‘निवृत्त’, ‘बदली – चंद्रपूर’, क्वचित ‘वारले’. खाली नवं नाव. पुष्कळ वर्षांच्या वह्या एकीवर एक ठेवून पाहिल्या तर पहिल्या वहीतलं एकही नाव शेवटच्या वहीत नव्हतं. विभाग तेच, चौकोन तेच, आणि माणसं सगळी दुसरी.

बदलीचा हुकूम हाती आलेली माणसं त्या महिन्याची वर्गणी द्यायला टाळाटाळ करत असतील असं कुणालाही वाटेल. मी उलटच पाहिलंय. एका काकांची बदली झाली तेव्हा त्यांच्या घरी गेलो, तर खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभं राहून त्यांनी वर्षाचे उरलेले सगळे महिने एकदम भरले. बाबा म्हणाले, ‘अहो, तुम्ही तर चाललात.’ त्यावर ते म्हणाले, ‘मी आलो तेव्हा माझी पोरं त्या शिशुवर्गात बसली. तो कुणाच्या वर्गणीवर चालला होता? मी थोडीच तेव्हा भरत होतो?’ एवढं बोलून ते पुन्हा खोकी बांधायला वळले. त्यांच्या या उत्तरात त्या वसाहतीचा सगळा हिशेब आहे असं मला वाटतं. प्रत्येकाला तिथे आधीच्या कुणीतरी मांडून ठेवलेलं मिळालं होतं, आणि ज्याला परत द्यायचं तो माणूस हाताशी नव्हता. म्हणून ते पुढच्याला द्यायचं.

या वहीखेरीज आणखी एक वर्गणी होती, ती मला फार नंतर कळली. पगारपत्रकावर जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांत कामगार कल्याण निधी म्हणून एक अगदी किरकोळ कपात दिसते. वर्षानुवर्षं ती कामगाराकडून १२ रुपये आणि मालकाकडून ३६ रुपये अशी होती; २०२४ मध्ये ती २५ आणि ७५ झाली. सहा महिन्यांतून एकदा बारा रुपये, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नसे. पण याच निधीवर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं चालतात. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, गुलझारीलाल नंदा तेव्हा कामगार खात्याचं काम पाहत होते, आणि १९३९ पासून गिरणगावात सरकारनं कामगारांसाठी केंद्रं उघडली. चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला व्यायाम करायला, वाचायला आणि त्याच्या बायकोला शिवण शिकायला कुठेतरी जागा हवी, इतका साधा विचार त्यामागे होता. १९५३ च्या कायद्यानं त्याला स्वतंत्र निधी आणि मंडळ मिळालं. गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, पण शिशुमंदिर, शिवणवर्ग, वाचनालय, भजनस्पर्धा, नाट्यस्पर्धा हा त्या केंद्रांचा नेम जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरला. गिरणगावातल्या माणसाच्या गरजेतून निघालेली ती तऱ्हा तापीकाठच्या वीज कामगाराच्या मुलीपर्यंत येऊन पोचली, आणि आईनं माझा शाळेचा पहिला गणवेश अशाच वर्गात शिकून शिवला.

आता नाटकाचं. खरं तर हॉल म्हटलं की माझ्या मनात आधी नाटक येतं. वीज केंद्रांच्या आपसांतल्या नाट्यस्पर्धा असतात. एका वर्षी कोराडीला, एका वर्षी दुसरीकडे, सगळ्या केंद्रांचे संघ आपापलं नाटक घेऊन जमतात. तीन अंकांचं नाटक बसवायचं म्हणजे दोन-अडीच महिने रोज तालीम. आणि ही माणसं पाळीतली. फर्स्ट शिफ्टचा नायक, सेकंड शिफ्टचा खलनायक, आणि जनरलमध्ये असलेले दिग्दर्शक. पाळ्यांचा तक्ता हातात घेऊन दिग्दर्शक तालमीचा तक्ता आखत. दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश फक्त मंगळवारी होऊ शकतो, कारण त्या दिवशी दोघांची सुटी एकत्र येते, असं गणित चाले. तरी ते गणित मोडेच. भर तालमीत हॉलच्या दारात कुणीतरी सायकल टेकवून आत यायचा आणि म्हणायचा, ‘ट्यूब गेली.’ बॉयलरची नळी फुटली की संच बंद करावा लागतो. मग तो थंड होईपर्यंत थांबायचं, आणि नंतर वेल्डर-फिटरनी आत उतरून, अंधारात, राखेत, फुटलेली जागा शोधून जोडायची. संच जितका वेळ बंद तितकी वीज कमी, म्हणून रात्र-दिवस बघायचं नाही. ‘ट्यूब गेली’ म्हटल्याबरोबर रंगमंचावरचे दोन जण चप्पल घालून निघत. त्यांतला एक बाबा असायचे, म्हणजे रंगमंचावरून नाही, रंगमंचाच्या मागून.

बाबा बॉयलर मेंटेनन्सला होते आणि नाटकात नेपथ्य करायचे. त्यांनी आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावला नाही. त्यांच्या हातांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, मनगटापासून कोपरापर्यंत. त्याच हातांनी ते लाकडी चौकटींवर कापड ताणून खिळे मारत, त्यावर डिंक-खडूचा हात देत आणि मग त्यावर मध्यमवर्गीय घराची भिंत रंगवत, खिडकी, कॅलेंडर, वीजमीटरसकट. वीजमीटर ते फार मन लावून काढायचे. चौकटीला चौकट जोडताना बिजागरीऐवजी दोरी वापरायची त्यांची रीत होती, म्हणजे कोराडीला जाताना ट्रकमध्ये ती सगळी भिंत दुमडून आडवी ठेवता यायची आणि तिथे अर्ध्या तासात पुन्हा उभी राहायची. मी ती दोरी ओवायला बसायची. आठ आकड्यासारखी, एकदा पुढून, एकदा मागून. अजून हात विसरलेला नाही.

बायकांच्या भूमिकांसाठी पूर्वी जळगावहून किंवा नाशिकहून कुणाला तरी बोलवावं लागे, त्याचा खर्च वहीला झेपत नसे. मग एका वर्षी कोल हँडलिंगमधल्या एका काकांच्या पत्नी उभ्या राहिल्या. त्यांची दोन लहान मुलं तालमीच्या वेळी शिवणयंत्रांच्या खोलीत गोधडीवर झोपलेली असत, नवरा नाईटला, आणि या इकडे विधवा सासूची भूमिका करत. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या सुरक्षारक्षकानं डोळे पुसलेले मी पाहिले. त्यानंतर मात्र दर वर्षी कुणी ना कुणी पुढे आली. वसाहतीत आल्यावर ज्या बायकांची ओळख ‘अमुक साहेबांच्या मिसेस’ एवढीच होती त्यांना हॉलमुळे स्वतःचं नाव मिळालं, हे मी ठामपणे लिहिते. त्यांतल्या कित्येक जणी आज कुठल्या गावात असतील ठाऊक नाही, पण शिवलेल्या कपड्यांचं छोटं दुकान, भजनी मंडळ, मुलांची शिकवणी असं काहीतरी तिथे नक्की चालवत असतील.

हॉलचे आधार सगळे वसाहतीतलेच होते असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वेल्हाळे ही गावं वीज केंद्राच्या अगदी लागून आहेत. केंद्रासाठी जमीन या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचीच गेली, आणि राखेचा तलाव वेल्हाळ्याकडे आहे. उन्हाळ्यात त्या बाजूनं वारा सुटला की पिकांवर, पापडांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर राखेचा थर बसतो. वसाहतीला पाणी, दवाखाना, रस्ते, चोवीस तास वीज होती. गावांना चिमण्यांचं दर्शन होतं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात रोज कित्येक तास भारनियमन असे. संध्याकाळी आमच्या खिडक्यांमधून पिवळा उजेड आणि कुंपणापलीकडे काळोख, असं रोज दिसे. दहावी-बारावीची मुलं तेव्हा गावातून सायकलीवर येत आणि हॉलमधल्या वाचनालयाच्या खोलीत अभ्यासाला बसत. कुणी बोलावलं नव्हतं. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी त्यांना फक्त चपला बाहेर काढायला सांगितल्या आणि रात्री अकरापर्यंत खोली उघडी ठेवायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची ड्यूटी सकाळी सातची होती. त्या मुलांपैकी एक जण पुढे पोलीस भरतीत लागला, आणि पहिल्या पगारात त्यानं वाचनालयाला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा आणून दिला. वर्गणीच्या वहीत त्याचं नाव कुठल्याच विभागाखाली बसत नव्हतं. बाबांनी शेवटच्या पानावर वेगळा रकाना आखला आणि मथळ्यात लिहिलं: ‘गाव’. पुढच्या वर्षी त्या रकान्यात आणखी नावं आली. दूधवाले, किराणावाले, रिक्षावाले, ज्यांची जमीन गेली होती असे एक आजोबाही. आजोबांनी पैसे दिले नाहीत. हॉलच्या समोर लिंबाची रोपं लावली आणि उन्हाळाभर पाणी घातलं.

नोकरीच्या निमित्तानं पुढे मी जळगाव, अमळनेर, धुळे असं खानदेशभर फिरले. जिथे जाईन तिथली अशी जागा बघायची सवय लागून गेली होती. जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७ पासून उभं आहे. धुळ्यात १८९३ साली शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी बाडं, पोथ्या जमवण्यात आयुष्य वेचलं. त्याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य राजवाडे गेले. त्यांच्यामागे रुमालांत बांधलेल्या कागदांचा केवढा पसारा राहिला होता. ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे दहा दिवसही उलटले नव्हते, भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून टाकलं. ही माणसं वकील, शिक्षक, गावातले गृहस्थ होती. दहा दिवसांत! एरवी दहा दिवसांत शोकसभेची तारीखही ठरत नाही. ती तडफ मला त्या मंडळाच्या सगळ्या प्रकाशनांहून अधिक थोर वाटते, कारण ती नसती तर बाकीचं काहीच नसतं.

अमळनेरची कथा निराळी. तिथे प्रताप शेठजींचा पैसा होता, प्रताप मिल होती, आणि १९१६ साली त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. खानदेशातल्या एका गिरणीच्या गावात देशभरचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक येऊन राहत होते. त्याच गावात १९२४ ते १९३० साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुण्यापासून त्यांच्यासाठी हस्तलिखित काढण्यापर्यंत सगळं करत होते. शेठजींचं दान आणि गुरुजींचे हात अशी जोडी एका गावाच्या वाट्याला येणं ही भाग्याचीच गोष्ट. १९५२ साली कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली तिथे साहित्य संमेलन झालं, आणि ७२ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा झालं. त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. मी दोन्हीकडे फिरले. दोन्हीकडे चहा देणारी, खुर्च्या मांडणारी, पाहुण्यांना घरी झोपायला नेणारी माणसं अमळनेरचीच होती, आणि मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडे पाहावंसं वाटलं.

पण दीपनगरशी सर्वांत जवळचं नातं मला वाटतं ते फैजपूरचं. तापी ओलांडून केळीच्या बागांमधून गेलं की फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. शेतांमध्ये टिळकनगर नावाचं अख्खं गाव उभारलं गेलं, बांबूंचं, चटयांचं, गावच्या सुतारांच्या हातचं. सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची. साने गुरुजी खेडोपाडी हिंडले, धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन माणसं आणि धान्य जमवलं. अधिवेशन दोन दिवसांचं. ते संपलं, बांबू सुटले, शेतात पुन्हा नांगर फिरला. म्हणजे ज्या गावात कुणीच राहणार नव्हतं त्या गावासाठी आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी महिनोन् महिने राबून रस्ते, विहिरी, स्वयंपाकघरं उभी केली. पुढे त्याच फैजपुरात धनाजी नानांच्या नावानं महाविद्यालय उभं राहिलं, आणि शेतकऱ्यांच्या घरातल्या कितीतरी पहिल्या पदवीधर मुली तिथून निघाल्या.

गावोगावच्या वाचनालयांचं आज काय चाललंय ते इथे सांगायलाच हवं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले आणि अनुदान बांधून दिलं. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा पेढे वाटले गेले. पण खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथपालाचा महिन्याचा पगार वाढूनही तो शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीशी स्पर्धा करतो. त्या पगारात तो ग्रंथपाल सकाळी पेपर लावतो, दुपारी नोंदी करतो, संध्याकाळी मुलांना गोष्टीची पुस्तकं काढून देतो. आमदार-खासदार निधीतून समाजमंदिरं भराभर बांधली जातात, कोनशिलेवर सात-आठ नावं कोरली जातात. मात्र त्या इमारतीत रोज झाडू कोण मारणार, बल्ब गेला तर कोण आणणार, याची तरतूद कुठल्याच शिलेवर नसते. मग तिथे लग्नाच्या पत्रावळी आणि ग्रामपंचायतीची सिमेंटची पोती राहतात. मला याचा संताप येतो. भिंतींना निधी आहे आणि माणसाला नाही, ही धोरणातली चूक आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

दीपनगरच्या हॉलला आता वेगळीच अडचण आहे. पूर्वी माणसं निघून जात, पण त्यांच्या जागी दुसरी येत. आता येतच नाहीत. २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. नवे मोठे संच कमी माणसांत चालतात, आणि जी कामं पूर्वी कायम कामगार करत ती पुष्कळशी कंत्राटदारांकडे गेली. कंत्राटी मुलगा भुसावळला, वरणगावला किंवा स्वतःच्या गावात राहतो, मोटारसायकलवर येतो आणि पाळी संपली की जातो. त्याला क्वार्टर नाही, बदली नाही, आणि पुढच्या वर्षी काम असेल की नाही तेही माहीत नाही. वसाहतीतल्या कितीतरी क्वार्टरांच्या दारांना मी गेल्या खेपेला कुलपं पाहिली; बाल्कनीत पिंपळ उगवलेले. वर्गणीच्या वहीतले रकाने भरायचे कुणी?

तरी वही आहे. आता ती एका तरुण तंत्रज्ञ मुलीकडे आहे. टर्बाईनला असते, घर भुसावळात, तरीही ड्यूटी संपल्यावर तासभर हॉलवर थांबते. तिनं ‘गाव’च्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखलाय, त्यात कंत्राटी मुलांची नावं आहेत. विभाग, कंत्राटदाराचं नाव काही नाही, नुसतं नाव आणि महिने. त्यांतला एक मुलगा झांज फार छान वाजवतो म्हणाली, आणि दोघे-तिघे नाटकात काम करायला तयार आहेत. स्पर्धेत त्यांना संघातून उतरवता येईल का, हे ती विचारून घेणार आहे. नाही म्हणाले तर गणपतीत हॉलवरच प्रयोग करायचा, असं तिचं ठरलेलंच आहे. शिशुवर्गात आता बहुतेक मुलं फेकरी-निंभोऱ्याची आहेत. शिवणवर्गाला यंत्रं कमी पडतात.

बाबा निवृत्त होऊन जळगावला आल्यापासून त्यांची आणि इतर जुन्या मंडळींची वर्षातून एकदा बैठक होते. कुणी नागपूरहून येतं, कुणी संभाजीनगरहून, बहुतेकांचे गुडघे आता जिन्याला तयार नसतात म्हणून आमच्या तळमजल्यावरच्या घरी भरते. या वेळी त्या मुलीनं फोनवर यादी सांगितली होती: पायानं चालवायची शिवणयंत्रं दोन, पत्र्याचं एक कपाट, कारण लाकडी कपाटांना वाळवी लागलीय, आणि नाटकाच्या चौकटींसाठी कापड. पैसे तिथल्या तिथे जमले. चौकटी मात्र बाबा स्वतः बांधून देणार म्हणून बसलेत. दोरी ओवायला मला आणि माझ्या मुलीला सुटीच्या दिवशी यायला सांगितलंय, आणि तो पोलीस झालेला मुलगा, आता चांगला हवालदार आहे, त्याची गाडी सामान पोचवायला मिळणार आहे. गणपतीच्या आधी हे सगळं दीपनगरला जायला हवं.